एक प्रत फाटकापाशी

"साडेपाचचं सहा करायचं, एवढंच," अध्यक्ष दारातूनच म्हणाले. "त्यात काय मोठंसं?"

अध्यक्ष म्हणजे इमारतीच्या रहिवासी मंडळाचे अध्यक्ष. ते तळमजल्यावर, पंपाच्या भिंतीला भिंत लावून राहत. संध्याकाळी साडेपाचला त्यांच्या जावयाचा फोन येई आणि नेमका त्याच वेळी पंप सुरू होई. दर वाक्याला "काय? काय म्हणालात?" ऐकून जावयाचा असा समज झाला होता, की सासरे मुद्दाम ऐकत नाहीत.

पंप सुरू करायला माणूस नव्हता. दुसऱ्या मजल्यावर, बाबांच्या घरातल्या बंद गॅलरीत एक जुना संगणक होता, तो करायचा. बाबांनी चौतीस वर्षं बस डेपोत वेळापत्रकं आखली होती. निवृत्त झाल्यावर ते पुस्तकातून लिनक्स ही संगणकप्रणाली शिकले. काळ्या पडद्यावर एका ओळीत हुकूम लिहायचा आणि यंत्राने उलट न बोलता कामाला लागायचं, हे त्यांना फार आवडलं. घरात तशी सोय नव्हती. लिनक्समध्ये क्रॉनटॅब नावाची एक फाइल असते. तिच्या प्रत्येक ओळीत आधी पाच रकाने, मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार, आणि पुढे त्या वेळी करायचं काम. "हे तर आपलंच!" असं म्हणून बाबा तीन दिवस खुर्चीवरून उठले नव्हते. मग संगणकातून एक वायर जिन्याखालच्या पंपाच्या पेटीत गेली, एक जिन्यातल्या दिव्यांना आणि एक जिन्यातल्या कर्ण्याला. कर्ण्यातून डेपोतल्या पितळी घंटेचा आवाज यायचा. सगळी इमारत बाबांना टाइमटेबल म्हणायची.

बाबांना जाऊन सात आठवडे झाले होते. पंप एक दिवस चुकला नव्हता.

"बसते काका," बाबांची मुलगी संगणकासमोरची खुर्ची ओढत म्हणाली. त्याच गल्लीतल्या रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत ती अकरा वर्षं काम करत होती. नळीवरचं नाव दोनदा वाचल्याशिवाय ती नळीला हात लावत नसे, आणि अकरा वर्षांत तिच्या हातून एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलं नव्हतं.

पडद्याखाली बाबांनी एक कार्ड चिकटवलं होतं. अक्षर डेपोच्या फळ्यावरचं, ठसठशीत.

'वेळापत्रक बदलणे: क्रॉनटॅब, वजा ई. चालू कामांची यादी: पीएस. काम थांबवणे: किल, पुढे कामाचा क्रमांक. आधी नुसतं सांगावं. ऐकलं नाही तरच वजा नऊ, म्हणजे सक्तीने.'

"तुला वाढवलंही असंच," आई मागून म्हणाली.

"म्हणजे वजा नऊपर्यंत गेले होते?"

"एकदाच. तू दहावीत असताना."

"गप्पा नंतर मारा," अध्यक्ष म्हणाले. "पावणेसहा होऊन गेले. आजचा फोन बुडाला, निदान उद्याचा तरी वाचू द्या."

मुलीने क्रॉनटॅब लिहिलं, वजाची खूण केली आणि ई दाबला. म्हणजे तिला तसं वाटलं. ई आणि आर कळफलकावर भिंतीला भिंत लावून राहतात, अध्यक्ष आणि पंपासारखे. तिचं बोट शेजारच्या दारात गेलं. वजा ई म्हणजे वेळापत्रक उघड. वजा आर म्हणजे वेळापत्रक काढून टाक. आर कार्डावर नव्हता, कारण बाबांना त्याची गरज कधी पडली नव्हती. यंत्रानेही 'नक्की ना?' असं विचारलं नाही. हुकमाचं ताबेदार ते.

पडद्यावर काहीच उघडलं नाही. तिने मदतीचं पान शोधून वेळापत्रक दाखवायचा हुकूम दिला. यंत्राने एका ओळीत कळवलं, की या वापरकर्त्याचं वेळापत्रक नाही.

तिने ती ओळ दोनदा वाचली.

"झालं का?" अध्यक्षांनी विचारलं.

"झालं," मुलगी म्हणाली. ते खोटं नव्हतं.

सव्वासहाला पंप बंद व्हायचा. तो झाला नाही. सुरू करायची ओळ साडेपाचला आपलं काम करून गेली होती. बंद करायची ओळ सव्वासहाला यायची, ती मधेच वारली होती. सहा वीसला गच्चीवरून पाणी उतरू लागलं. आधी भिंतीवरून, मग जिन्यावरून, मग चौथ्या मजल्यावरच्या शिवणकाकूंच्या दाराखालून.

"अगं बाई, माझा पडदा! बावीस मीटरचा पडदा जमिनीवर पसरलाय!" काकूंचा आवाज कर्ण्याशिवाय चार मजले आला.

अध्यक्ष जिन्याखाली धावले. पंपाच्या पेटीला कुलूप होतं. "किल्ली कुठाय?"

"यांच्याकडे असायची," आई वरून म्हणाली.

"आणि आता?"

काय विचारलं, ते अध्यक्षांना विचारून झाल्यावर कळलं. ते नुसते कुलूप हलवत राहिले.

मुलगी यादीसमोर बसली होती. पीएस म्हटल्यावर यंत्राने चालू कामं ओळीने मांडली, प्रत्येकापुढे त्याचा क्रमांक. बाकीची कामं यंत्राची स्वतःची होती. बाबांची दोनच दिसत होती, आणि त्यांची नावं होती 'बारा' आणि 'एक्केचाळीस'. बाबांनी प्रत्येक कामाला बसचा नंबर दिला होता.

ती विचार करून 'बारा'ला थांबवायला गेली. 'बारा'ने पहिल्या सांगण्यात ऐकलं आणि जिन्यातले सगळे दिवे गेले. त्या जिन्याला खिडकी नव्हती.

"कोणी घालवली लाईट?" पहिल्या मजल्यावरून मास्तर ओरडले. ते शाळेतून निवृत्त झालेले, पण आवाज अजून नोकरीत होता. "इथे पाणी वाहतंय, माणूस घसरून जाईल!"

"आई," मुलगी म्हणाली, "बारा नंबर कुठून जायची?"

"वीजकेंद्रावरून."

"आणि एक्केचाळीस?"

"पाण्याच्या टाकीवरून की. माझ्या माहेरची गाडी." आई जवळ आली. "सोपं आहे, तुला नाही का कळलं?"

मुलीने 'एक्केचाळीस'चा क्रमांक दोनदा वाचला आणि किल म्हटलं. खाली पंप घुरघुरून गप्प झाला. 'बारा' हे नाव लिहून एंटर मारल्यावर दिवे परत आले. चार मजल्यांवर माणसं आपापल्या दारात उभी होती आणि प्रत्येकाच्या पायात ओले मोजे किंवा ओल्या चपला होत्या.

अध्यक्ष वर आले ते ठराव घेऊनच. "हे बघ, टाइमटेबल होते तोवर ठीक होतं. ते यंत्र त्यांनाच कळायचं. रविवारी अकराला बैठक आहे. पंपाला बाजारातलं तयार टायमर बसवू आणि हा डबा भंगारात देऊ. प्लंबरला मी मापं घ्यायला बोलावतो."

"रविवारपर्यंत सगळं होतं तसं लावून देते."

"सगळं म्हणजे काय काय होतं, ते तरी माहीत आहे का तुला?"

तिला माहीत नव्हतं. कामं सगळी फोल्डरमध्ये शाबूत होती, नंबरांसकट. गेल्या होत्या त्या वेळा. यंत्र आपल्या कामांची रोजनिशी ठेवतं असं तिने वाचलं, पण जागा कमी पडते म्हणून बाबांनी ती बंद करून ठेवली होती.

"त्यांची कुठे नक्कल नसेल?" तिने आईला विचारलं.

"असणारच. डेपोचा नियम होता ना, वेळापत्रकाची एक प्रत फाटकापाशी. पण इथे कुठलं आलंय फाटक?"

दोघींनी कपाट, गादीखालचा भाग आणि बाबांच्या चष्म्याची घरं शोधली. चष्म्याची चार घरं निघाली आणि चारही रिकामी होती, कारण बाबा चष्मा कपाळावर ठेवत.

गुरुवारी पहाटे साडेपाचला मुलगी गजर लावून उठली आणि 'एक्केचाळीस' हाताने सुरू केली. सव्वासहाला बंद केली. मग प्रयोगशाळेत गेली, जेवणाच्या सुट्टीत घरी आली, संध्याकाळी पुन्हा पंप, पुन्हा दिवे. जे काम यंत्र श्वासासारखं करत होतं, त्याला एक अख्खा माणूस लागत होता. पण नुसत्या पंपाने भागणार नव्हतं. कामावर निघताना तिने जिन्यात एक कागद लावला आणि दोऱ्याने पेन बांधलं.

'बाबांच्या संगणकामुळे आपल्याकडे जे ठरलेल्या वेळी होत असे आणि आता होत नाही, ते वेळेसह लिहून सही करावी.'

पहिली आली ती कागदावरची नोंद नाही, माणूसच. मास्तर.

"सकाळी सात दहाला दोन घंटा," ते म्हणाले. "माझी रक्तदाबाची गोळी. आज वाजल्या नाहीत. गोळी साडेनऊला आठवली, ती पण तुझा हा कागद वाचून."

"बाबांनी तुमच्यासाठी लावल्या होत्या?"

"मी सांगितलं नव्हतं. मी एकदा जिन्यात चक्कर येऊन बसलो होतो, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून वाजायला लागल्या. मी विचारलं नाही, ते बोलले नाहीत."

मुलीने लिहून घेतलं. सात दहा, रोज, घंटा दोन. आईला विचारलं तर घंटेचा नंबर सात निघाला. सात नंबर शाळेवरून जायची.

दुपारी शिवणकाकू उतरल्या. "साडेअकराची एक घंटा. ती वाजली की मी इस्त्री बंद केली का बघते. दोन वर्षांपूर्वी एका नवरदेवाचा कोट जाळला होता मी. तुझ्या बाबांनी धूर पाहिला होता, बरं का. चकार शब्द काढला नाही कुणापाशी."

"एवढंच ना, काकू?"

काकू जायला वळल्या आणि थांबल्या. "आणि मंगळवारी दुपारी पंप."

"मंगळवारी दुपारी?"

"वीस मिनिटं. धुणं असतं ना माझं," काकू म्हणाल्या आणि जरा भरभर जिना चढल्या.

कागद भरत गेला. मास्तरांना नंतर आठवलं, की जिन्यातला दिवा साडेअकरापर्यंत असायचा. ते पत्ते खेळून यायचे ना. तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी लिहिलं, की त्यांच्या जेवणाच्या वेळेला, एक वाजता, घंटा वाजायची, म्हणजे पेशंट उठायचे. कुणाच्या तरी मुलीच्या अभ्यासाची घंटा निघाली, कुणाच्या व्यायामाची. शुक्रवारी खुद्द अध्यक्ष आले आणि इकडेतिकडे पाहून म्हणाले, "बैठकीच्या आधी पाच मिनिटं तीन घंटा असायच्या."

"बैठकीला?"

"लोकांना कळावं म्हणून. अध्यक्ष येताहेत म्हणून."

"मला कधी ऐकू आल्या नाहीत, काका."

"तू कामावर असायचीस."

"बैठक रविवारी असते."

"तेच तर," अध्यक्ष म्हणाले. "रविवारी माणूस उशिरा उठतो."

मुलीने तेही लिहून घेतलं आणि खाली सही घेतली. नळीवर जे नाव असेल ते लिहायचं, पेशंटचा चेहरा बघून संशय घ्यायचा नाही, अशी तिच्या कामाची शिस्त होती. शनिवारी दुपारी तिने क्रॉनटॅब लिहिलं, वजा लिहिलं, ई शोधला, बोट त्यावर टेकवून आधी आईला दाखवला आणि मगच दाबला. फाइल उघडली. रिकामी, अक्षरांची वाट बघत असलेली. तिने एकेक ओळ घातली. मिनिट, तास, आणि रोजचं असेल तिथे पुढच्या तिन्ही रकान्यांत तारा, कळफलकावरची चांदणीची खूण. तारा म्हणजे प्रत्येक. प्रत्येक तारखेला, प्रत्येक महिन्यात, प्रत्येक वारी. बाबांनी असे किती तारे काढले असतील, असं तिला वाटून गेलं. पण ती पुढच्या ओळीवर गेली. एकवीस ओळी झाल्या.

"तुझं काही राहिलं का?" तिने आईला विचारलं.

"मला काय. भिंतीवर घड्याळ आहे," आई म्हणाली. ती भाजी निवडत होती. मग भाजीकडे बघतच ती म्हणाली, "चार वाजता एक घंटा असायची. दुपारी."

"कशाची?"

"चहाची."

मुलीने बाविसावी ओळ घातली.

रविवारी सकाळी इमारतीला शाळेची कळा आली. सहाला घंटा, साडेसहाला घंटा, सात दहाला दोन, आठला एक. पावणेनऊच्या घंटेला मास्तरांनी दुसरी गोळी हातात घेतली होती. सुनेने ती काढून घेतली. दहा पंचावन्नला तीन घंटा झाल्या आणि त्यांच्या तालावर अध्यक्ष आपल्या दारातून खालच्या मोकळ्या जागेत आले. सगळे खुर्च्या घेऊन बसले होते. प्लंबर जिन्याखाली पंपाच्या पेटीचं कुलूप कापत होता.

"यंत्र सुरू झालं, हे मान्य," अध्यक्ष म्हणाले. "पण सकाळपासून नऊ घंटा झाल्या. हे होतं तसं आहे का? माझा ठराव असा, की..."

"साहेब, आत काहीतरी चिकटवलंय," प्लंबर म्हणाला.

पेटीच्या दाराला आतून, प्लास्टिकमध्ये घालून, एक कागद लावला होता. अक्षर ठसठशीत. 'वेळापत्रक. फाटकाची प्रत.'

आई खुर्चीतून अर्धी उठली आणि परत बसली. "हेच की त्यांचं फाटक," ती म्हणाली. "पाणी इथूनच सुटायचं."

"वा!" अध्यक्ष खूश झाले. "आता कळेल, हिने बरोबर लावलंय की नाही. वाच, सगळ्यांसमोर वाच."

मुलीने कागद हातात घेतला. त्यावर आठ ओळी होत्या. तिने त्या मनात एकदा वाचल्या, मग पुन्हा एकदा. मग वर पाहिलं. समोरच्या खुर्च्यांमधली माणसं अचानक आपापले पाय बघू लागली होती.

"पंप, सकाळ साडेपाच ते सव्वासहा. पंप, संध्याकाळ, तेवढाच," तिने वाचलं. सुरू-बंद धरून ओळी चार झाल्या. "दिवे सुरू पावणेसहा. दिवे बंद, दहा."

"दहा?" डॉक्टर म्हणाले. "मास्तर, तुम्ही तर..."

"डॉक्टर, पुढे ऐका, तुमचीही येईल," मास्तर म्हणाले.

"घंटा दोन, सात दहा, रोज. मास्तरांची गोळी. घंटा एक, साडेअकरा, रोज. इस्त्री." तिने एवढं वाचून श्वास घेतला.

"मंगळवारचा पंप?" कोणीतरी विचारलं. शिवणकाकूंनी पदराने कपाळ पुसलं.

"आणि बैठकीच्या तीन घंटा?" शिवणकाकूंनीच मग विचारलं. स्वतःवरचं गेलं की माणसाला धीर येतो. "अध्यक्ष येताहेत म्हणून असतात त्या?"

मुलगी अध्यक्षांकडे बघत राहिली. अध्यक्ष पंपाकडे बघत राहिले.

"काका, ठराव इतिवृत्तात लिहायचा ना?" तिने विचारलं. "म्हणजे यंत्रात काय काय जास्तीचं घातलं आणि कुणी सांगितलं, तेही लिहावं लागेल. जिन्यातला कागद आहे माझ्याकडे. सह्यांसकट."

"एवढं कशाला," अध्यक्ष म्हणाले. "ठराव असा काही मी मांडलाच नव्हता. चर्चा होती." त्यांनी घसा साफ केला. "यंत्र आहे तिथे राहील. टाकीला एक तरंगता खटका बसवून घेऊ, भरली की पाणी आपोआप थांबेल. प्लंबर आलेच आहेत. आणि माझं ते साडेपाचचं सहा..."

"होईल, काका. आज संध्याकाळपासून."

लोक उठू लागले. खुर्च्या सरकल्या. आई मात्र बसूनच होती, हात मांडीवर, नजर फरशीवर. मुलीने कागदाकडे पुन्हा पाहिलं.

"एक राहिली," ती मोठ्याने म्हणाली. "घंटा एक, दुपारी चार, रोज."

तिने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. अकरा वर्षांत तिने नळीवर नसलेलं नाव पहिल्यांदाच वाचलं होतं.

दुपारी साडेतीनला ती गॅलरीत बसून जास्तीच्या ओळी काढत होती. एकेक घंटा गळत होती. डॉक्टरांची, अभ्यासाची, व्यायामाची. अध्यक्षांच्या तीनही. आई दारात येऊन उभी राहिली.

"कागदावर नव्हती ना?"

"काय?"

"चारची."

मुलीने पडद्यावरून नजर काढली नाही. "नव्हती."

"नसणारच," आई म्हणाली. "चारला घंटा कुठे असायची. तेच यायचे इथून उठून, स्वयंपाकघराच्या दारात. गाडी सुटते आहे, म्हणायचे, चहा घ्यायचा तर घ्या." तिने पदराला हात पुसले. "मी काही खोटं सांगायला गेले नव्हते. मला वाटलं, तुझ्या त्या यादीत मावेल."

"मावली आहे. काढत नाहीये."

"बरं." आई वळली आणि पुन्हा थांबली. "बदलता येतं का ते?"

"येतं. काय बदलू? वेळ?"

"वेळ नको. चारला एकदा आहे ना? मग चार पाचला अजून एकदा लाव."

"दोनदा का?"

"पहिल्या हाकेला मी कधी उठलेय?" आई म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला गेली.

मुलीने क्रॉनटॅब लिहिलं, वजाची खूण केली, आणि ई कुठे आहे ते दोनदा पाहिलं.